दाजींचं बसणं

आमच्या दाजींना नीट बसलेलं पाहिलंय असं सांगणारा माणूस साताऱ्यात भेटणं कठीण. ते आमदार झाले तेव्हा पक्षाच्या लोकांनी हौसेनं वेताच्या खुर्च्या घरी आणून ठेवल्या होत्या. एकीवर ताई वाळवणाचं फडकं टाकायची, दुसरीवर शेजाऱ्यांचं मांजर झोपायचं. दाजी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून दोन वाक्यं बोलत, की चालले उंबऱ्याकडं. तिथून पुन्हा खुर्चीकडं. समोरच्या माणसाला मान सारखी इकडून तिकडं फिरवावी लागे. शेवटी तोही उठून उभा राही आणि मग दोघं मिळून खोलीत येरझारा घालत.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमचं माहेर तासगाव तालुक्यातलं. गावचा जावई म्हणून सगळा गाव त्यांना दाजी म्हणे, आणि निवडून आल्यावर मतदारसंघही दाजीच म्हणायला लागला. मुंबईच्या असेंब्लीत कुणी त्यांचा 'सन्माननीय सभासद' असा उल्लेख केला की ते मागं वळून बघत. ताईकडं राहून मी साताऱ्यात शिकले, आणि मग तिथल्याच मुलींच्या शाळेत शिकवायला लागले. त्यामुळं हे गृहस्थ मला रोजचे झाले होते. मेहुणीला दाजींची थट्टा करायची मुभा असते. ती मी पुरेपूर वापरली.

"दाजी, मुंबईत तरी बसता का हो?"

"बसतो की. अध्यक्ष 'बसा' म्हणालं की बसतो. पर बाकाच्या कडंला. आन् त्यांचं ध्यान दुसरीकडं गेलं की उठतो."

"का पण?"

"धाकले, बसला की धरला."

हे त्यांचं ब्रीदवाक्य. ते बेचाळीस सालातलं. त्या धामधुमीत दाजी भूमिगत झाले आणि गावोगाव, रानोमाळ हिंडत राहिले. त्यांच्या बरोबरीचे जे जे पकडले गेले ते कुठंतरी निवांत बसलेले असताना पकडले गेले, असा त्यांचा हिशेब होता. कुणी जेवायला बसला होता, कुणी दाढीला बसला होता. एक तर लेकराला मांडीवर घेऊन बसला होता. दाजींनी त्यातून एवढाच धडा घेतला की बसायचं नाही. वॉरंट रद्द झालं, इंग्रज जायची भाषा सुरू झाली, निवडणूक झाली, हे आमदार झाले, पण अंगातली धास्ती काही गेली नाही.

जेवायचे ते मागच्या दाराच्या उंबऱ्यावर. एक पाय आत, एक बाहेर, आणि बाहेरच्या पायात चप्पल. भाकरी हातावर घ्यायची, कालवण भाकरीवरच. अर्धी भाकरी झाली की परड्यात एक चक्कर. मग येऊन ताक. मग कुणीतरी हाक मारली म्हणून पुढच्या दाराला. त्यांचं जेवण कधी सुरू झालं आणि कधी संपलं हे कुणालाच कळत नसे. मी मला भूक लागली की खाऊन घेई. ताई मात्र उरलेल्या भाकऱ्या फडक्यात गुंडाळून चुलीपुढं थांबलेली असे.

त्यांच्या आणखी एका खोडीवर आम्ही फार हसायचो. मोटारीनं जाताना मध्येच ते दोन्ही पाय एकदम वर उचलत. आजूबाजूचे प्रवासी बघत राहात. त्यालाही कारण होतं. आमच्याकडं तेव्हा मुलूख कसा होता, तर हे गाव खालसातलं म्हणजे इंग्रज सरकारचं, आणि त्याच्या शिवेला लागून असलेलं दुसरं गाव सांगली संस्थानचं. मध्ये नुसता ओढा. आमच्या गावाच्या खाली असाच एक ओढा होता. त्याच्या अलीकडं सरकारी फौजदार, पलीकडं संस्थानी शिपाई. फौजदार मागं लागला की दाजी ओढा ओलांडायचे, आणि पलीकडून धोतराचा सोगा झटकत उभे राहायचे. ओढ्यावरून उडी मारायची ती सवय मोटारीतसुद्धा पायात उरली होती. हद्द आली की पाय वर.

त्या दिवसांत दाजींना ज्यांनी जगवलं त्यांत पहिलं नाव माझ्या चुलतभावाचं, हिंदुदादांचं. दादा अंगानं दांडगे, आवाजानं दांडगे आणि मनानंही. त्यांच्या गोठ्यात दाजी किती वेळा राहिले त्याला गणती नाही. दादांची बायको तारावैनी शेणाच्या पाटीत खाली भाकरी आणि वर गोवऱ्या घेऊन त्यांना पोचवायची. एकदा पहाटे पोलीस थेट वाड्यात शिरले. दाजी परड्यात सापडलेच असते, पण वैनीनं त्यांना ओढून जात्यापुढं ढकललं, अंगावर आपलं लुगडं टाकलं, पदर नाकापर्यंत ओढला आणि म्हणाली, "दळा." बाई दळत असली तर पोलीसही तिच्या तोंडाकडं बघत नाही, हे तिला ठाऊक होतं. मी शाळेच्या सुट्टीत गावी गेले होते. मी हे डोळ्यांनी पाहिलं. पोलीस गोठा, माळा, कणग्या सगळं उचकून गेले, आणि हे बाबा भिंतीकडं तोंड करून जातं ओढतायत. पोलीस गेल्यावरही थांबेनात. वैनीनं पीठ चिमटीत घेऊन बघितलं.

"दाजी, ह्यो भरडा आमची म्हस बी खायाची न्हाई."

दाजींच्या तळहाताला फोड आले होते. ते फोडाकडं बघत म्हणाले, "वैनी, तुमी रोज एवढं वडता?"

"न्हाई तर कोन वडणार? तुमचं गांधीबाबा?"

ही हकिगत दाजी सभांमधून सांगायचे, आणि सांगताना नेहमी भावुक व्हायचे. बाईचं दुखणं मला पुस्तकातून कळलं नाही, जात्यातून कळलं, असं म्हणायचे. मलाही ते खरं वाटायचं. खरं होतंही, काही अंशी.

आमदार झाल्यावर त्यांनी कचेरी थाटली नाही. सकाळी पोवई नाक्यावरून निघायचं आणि यवतेश्वराच्या घाटाला लागायचं. ज्याला गाऱ्हाणं सांगायचं असेल त्यानं बरोबर चालावं. चढावर खोटं बोलणाऱ्याला दम लवकर लागतो, असा त्यांचा सिद्धांत. एक जाडजूड कंत्राटदार पहिल्याच वळणावर आपलं गाऱ्हाणं आणि टोपी दोन्ही टाकून परत फिरला होता. म्हातारी बाई आली तर मात्र दाजी तिच्यापुढं उलटे चालायचे. तिच्या तोंडाकडं तोंड, पाठ डोंगराकडं, खिशातले शेंगदाणे तिच्या ओंजळीत घालत, "व्हय, मग? मग तलाठी काय म्हणाला?" घाटातली बैलं बुजायची, गाडीवान ओरडायचे, पण म्हातारीचं बोलणं पुरं झाल्याशिवाय दाजी सरळ व्हायचे नाहीत. मला त्या वेळी त्यांचा अभिमान वाटायचा. लाजही वाटायची, कारण आमच्या शाळेच्या मुली हे बघून मला विचारायच्या, बाई, ते उलटे चालणारे आमदार तुमचे कोण?

मग तो कायदा आला. एक बायको हयात असताना दुसरी करायची नाही, असा. मुंबईत त्यावर पुष्कळ मोठमोठी माणसं बोलली. दाजी आपल्या साताऱ्याच्या भाषेत बोलले, आणि ते काय बोलले हे घरी येऊन त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून आम्हाला जसंच्या तसं करून दाखवलं. "म्हटलं, आमच्याकडं सरकारची हद्द म्हंजी वढा हाय. कायदा अल्याड ऱ्हातो आन् मानूस उडी मारून पल्याड जातो. मी सवता उड्या मारल्यात. तवा ह्या कायद्याला वढा वलांडता आला पायजे." सभागृह हसलं म्हणे. पण कायद्यात तसं कलम होतं. प्रांतात राहणाऱ्यानं बाहेर संस्थानात जाऊन दुसरं लग्न लावलं तरी ते लग्नच नव्हे. ते कलम दाजींमुळं आलं असं मी म्हणणार नाही. वकील मंडळींनी ते आधीच घातलं असेल. पण त्या कलमावर दाजी जेवढे खूश होते तेवढे ते स्वतःच्या निवडणुकीवरही नव्हते.

आणि त्या कायद्याची शाई वाळते न वाळते तोच एका सकाळी हिंदुदादा साताऱ्याला आले. त्यांना पाहून दाजींना कोण आनंद झाला. चला म्हणाले घाटात. त्या दिवशी सुट्टी होती म्हणून मीही निघाले. दादांनी कुंकवात रंगवलेली जोंधळ्याची अक्षत कागदाच्या पुडीत आणली होती. ती त्यांनी चालता चालताच दाजींच्या हातावर ठेवली.

"दाजी, सोयरीक जमली."

"कुणाची रं?"

"माझीच की."

यवतेश्वराच्या घाटात दाजी थांबलेले मी पहिल्यांदा पाहिले.

"आन् वैनी?"

"तिला इचारलंय. व्हय म्हणाली. आईचा जीव लागंना, दाजी. एवढी जमीन, एवढं गोत, आन् घरात पाळणा न्हाई. तारीला मी टाकत न्हाई, तिचं पान हाय तितंच ऱ्हाईल."

"कायदा झालाय, ठावं हाय न्हवं?"

दादा खदखदून हसले आणि दाजींच्या पाठीवर थाप मारली. "म्हणून तर मांडव वढ्यापल्याड घातलाय! पोरगी संस्थानातली. बाप माधवनगरच्या गिरणीत हाय. तुमचीच हिकमत, गड्या. उडी मारायची आन् सोगा झटकायचा."

दाजींनी त्यांना ते कलम सांगितलं. एकदा सांगितलं, मग सावकाश परत सांगितलं. दादांचं हसू जरा कमी झालं, पण गेलं नाही. "आसंल कलम. पर सरकारला सांगाया कोन जानार? तुमी जाताय व्हय?" असं म्हणून ते मोकळ्या मनानं दाजींच्या डोळ्यांत बघत राहिले. ह्या माणसाला पोलिसांपासून वाचवताना आपण एकदाही मागंपुढं पाहिलं नाही, एवढंच त्या बघण्यात होतं. दाजींनी अक्षतेची पुडी खिशात ठेवली. शेंगदाण्यांच्या खिशात नव्हे, दुसऱ्या.

पुढचे दिवस घरात काही खरं नव्हतं. दाजी उंबऱ्यापासून खुर्चीपर्यंत, खुर्चीपासून उंबऱ्यापर्यंत. मांजरसुद्धा कंटाळून निघून गेलं. चालता चालता माझ्याशी बोलल्यासारखं करत, पण बोलत होते स्वतःशीच. "ज्यानं मला पोलिसापास्नं लपवलं त्याच्या दारात पोलीस कसा धाडू, धाकले? आन् न धाडावं तर मुंबईत मी काय बडबडून आलो? पहिली उडी माझ्याच घरातनं पडणार आसंल तर त्यो कायदा चुलीत घाला की." निवडणुकीत दादांनी बैलगाड्या जुंपून सगळा टापू उभा केला होता. दादा गेले म्हणजे तो टापू गेला, हे दाजींना कळत होतं, पण त्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत.

शेवटी ताईच वैतागली. "घरातली फरशी झिजवण्यापेक्षा जाऊन तारालाच विचारा की. तिच्या जिवाचं आहे ना सगळं?"

आम्ही गेलो. दाजी आणि मी. तारावैनी जात्यावर होती. दाजी दारात उभे राहिले. ती मान वर न करता दळत राहिली.

"वैनी, खरं सांगा."

"खरंच सांगितलंय. मी व्हय म्हटलंय."

"मनापास्नं?"

जातं थांबलं. तिनं खुंट्यावरचा हात काढला नाही. "दाजी, मला सोप्यात उभं करून सासूनं इचारलं. म्होरं मालक, बाजूला दीर, दारात चुलतसासू. तितं न्हाई म्हणून मी जाऊ कुठं? भावाच्या घरी त्येच्याच पोरांस्नी पुरंना. तुमी कायदा केलासा, लय बेस केलासा. पर बाईला न्हाई म्हणाया पाय टेकाया जागा लागती. ती कुठं हाय तेवढं सांगा, म्हंजी मी आत्ता म्हणते."

ती पुन्हा दळायला लागली. परतताना माधवनगरच्या स्टेशनासाठी मोटार त्याच ओढ्यावरून गेली. मी सवयीनं दाजींच्या पायांकडं पाहिलं. पाय खालीच होते.

आमच्याकडचा एक रिवाज इथं सांगायला हवा. लग्नात घरच्या जावयानं रुसायचं. फेट्यासाठी रुसायचं, अंगठीसाठी रुसायचं, पंगतीत तूप कमी वाढलं म्हणूनसुद्धा रुसायचं. तो रुसून बसला की त्याचा रुसवा निघेपर्यंत भटजी मंगलाष्टक म्हणत नाही. त्याच्या अंगाला हात लावून उठवायचं नाही, कारण तो आपल्या लेकीचा अपमान. दाजी ह्या बाबतीत आम्हाला फार निराशाजनक जावई लाभले होते. ते कधी रुसलेच नाहीत. रुसण्यासाठी आधी बसावं लागतं. कुणी फेटा बांधायला आलं की हे चालू लागायचे, आणि बांधणारा फेट्याचं टोक धरून मागं मागं.

त्यामुळं दाजी लग्नाला आले तेव्हा कुणालाच काही वावगं वाटलं नाही. उलट मंडळी निर्धास्त झाली. ज्यानं कायदा केला तोच अक्षता टाकायला आलाय म्हटल्यावर कायद्याचं भय कसलं? मुलीचा बाप तर आमदार आलेत म्हणून कृतकृत्य होऊन हात जोडत फिरत होता. मला दाजींचा भयंकर राग आला. मी ताईच्या शेजारी उभी होते. तिला म्हटलं, "तुझे यजमान सभेतच शूर." तारावैनी हिरवं लुगडं नेसून, ओवाळायचं ताट हातात घेऊन मांडवाच्या खांबाशी उभी होती. तिच्या चेहऱ्याकडं मला बघवेना.

नवरदेव मारुतीला नमस्कार करायला गेले होते. वाजंत्री परत येताना ऐकू येऊ लागली. मांडवात समोरासमोर दोन पाट मांडलेले. दाजी नेहमीप्रमाणं खांबाखांबांतून फेऱ्या घालत होते. फिरता फिरता ते मध्ये गेले, चपला काढल्या, आणि नवरदेवाच्या पाटावर जाऊन बसले. मांडी घालून. हात गुडघ्यांवर.

आधी कुणाला कळलंच नाही. मग कुणीतरी ओरडलं, "दाजी रुसलं!" आणि मांडवभर हशा पिकला. इतक्या वर्षांनी रुसले एकदाचे! फेटा आणा, अंगठी आणा. फेटा आला, जरीचा. दाजींनी मान हलवली. अंगठी आली. मान हलवली. हिंदुदादा मुंडावळ्या सावरत आले, तेही हसतच. "दाजी, दुभती म्हस देतो. उठा आता, येळ चाललाय."

"म्हस नको."

"मग काय पायजे?"

"वैनीला हितं बोलवा. समद्यांम्होरं इचारा, हे लगीन व्हावं का न्हाई."

हसणं थांबलं. वाजंत्रीवाल्यांना कळलं नाही, ते जरा वेळ वाजवत राहिले, मग तेही थांबले. दादा म्हणाले, "तिला इचारलंय. घरात."

"घरात तुमी इचारलंसा. हितं मी इचारतोय."

"उठा, दाजी." आता दादांच्या आवाजात हसू नव्हतं. त्यांचे हात शिवशिवत होते. एवढा दांडगा माणूस, दाजींना पाटासकट उचलून बाहेर ठेवला असता. पण जावयाला हात कसा लावायचा? माझी चुलती पदर पसरून पुढं आली. दाजींनी तिला नमस्कार केला, पण उठले नाहीत. त्यांचा एक गुडघा एकसारखा थरथरत होता. बसणं त्यांना किती जड जातंय ते मला त्या गुडघ्यावरून कळलं. ते वैनीकडं वळले.

"वैनी, तुमी जागा मागितली व्हती. माझ्याकडं एवढीच हाय. मी हितनं उठत न्हाई. मुहूर्त ऱ्हाऊ द्या न्हाईतर जाऊ द्या. काय म्हणायचं ते म्हणा. आन् म्हटल्यावर साताऱ्याला माझं घर हाय."

तारावैनी हलली नाही. मला वाटलं, ती आता पुन्हा व्हय म्हणणार. तिनं सासूकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं. मग ती खाली वाकली आणि हातातलं ताट जमिनीवर ठेवलं. निरांजन विझू नये म्हणून अगदी हळू ठेवलं.

"न्हाई," ती म्हणाली. आवाज फुटला नव्हता, म्हणून परत म्हणाली. "न्हाई. मला हे नको हाय."

एकच गलका झाला. मुलीचा बाप रडकुंडीला येऊन दाजींपुढं आला. "सायेब, हितं तुमचा कायदा चालत न्हाई म्हणालं व्हतं की हे!" तेव्हा दाजींनी त्याला कलम सांगितलं. हे लग्न इथं लागलं तरी लागलं नाही. उद्या तुमची लेक ह्या घरात राहील, पण कुणाची कोण म्हणून राहील? तो बिचारा दादांकडं बघू लागला. दादांनी त्याच्यापासून ते लपवलं होतं. तो आत गेला, लेकीच्या कपाळावरच्या मुंडावळ्या त्यानं स्वतःच्या हातानं सोडल्या आणि तिला घेऊन मागच्या बाजूनं निघून गेला. त्या पोरीनं जाताना एकदा मागं वळून पाहिलं. तिचा काय दोष होता?

ते बघणं दाजींनाही लागलं होतं. पुढं कितीतरी महिने ते सांगली, माधवनगर, तासगाव असं त्या मुलीसाठी स्थळ शोधत वणवण फिरले. लोकांनी त्यांना नाही नाही ते ऐकवलं. शेवटी गिरणीतलाच एक मुलगा मिळाला. त्या लग्नात दाजींनी दोन्ही हातांनी अक्षता टाकल्या. दादांनी दिलेली पुडी त्यांनी तोवर जपून ठेवली होती, तीच.

बाकी सगळं व्हायचं तसं झालं. गावानं दाजी म्हणायचं सोडून 'आमदार' म्हणायला सुरुवात केली, आणि आमच्याकडं ती शिवी होती. दादांनी आमच्या घरची वाट सोडली. पक्षातल्या वडीलधाऱ्यांनी दाजींना बोलावून सांगितलं की कायदे करायचे असतात, मांडवात बसायचं नसतं. संस्थान विलीन झालं, ओढ्याची हद्द गेली, आमचा तालुका नव्या जिल्ह्यात गेला आणि तिथं निवडणुकीला दाजींसाठी कुणालाच जागा सापडली नाही. घाटात बरोबर चालणारे कमी कमी होत गेले. कधी कधी दाजी एकटेच चालत आणि वळणावर थांबून मागं बघत, कुणी येतंय का. ते बघून मला रडू यायचं. मी मांडवात ताईला जे बोलले होते ते ताईनं त्यांना कधी सांगितलं नाही.

तारावैनी साताऱ्याला आमच्याकडं आली ती वर्षभर राहिली. मग दादा स्वतः न्यायला आले, दारात मान खाली घालून उभे राहिले, आणि तिनं विचार करून सांगते म्हणून त्यांना एकदा तसंच परत पाठवलं. पुढच्या खेपेला गेली. सवत आली नाही. पुतण्याला त्यांनी दत्तक म्हणून मांडीवर घेतलं. हे सगळं नंतरचं. मला राहून राहून आठवते ती वैनी आमच्याकडं आली तेव्हाची पहिली दुपार.

स्वयंपाक झाला होता. दाजी उंबऱ्यावर आले. एक पाय आत, एक बाहेर, हातावर भाकरी. दोन घास खाल्ले आणि निघाले परड्यात. ताईनं सवयीनं भाकऱ्या फडक्यात गुंडाळल्या. वैनी आपली भिंतीशी बसून बघत होती. दाजी आले, ताक मागितलं, पुढच्या दाराला गेले. परत आले.

"ह्यांचं झालं का?" वैनीनं ताईला विचारलं.

"काय माहीत," ताई म्हणाली. "रोजचंच आहे."

"आन् तू कवा जेवतीस?"

ताई नुसती हसली. वैनी उठली. तिनं दाजींच्या हातातली अर्धी भाकरी काढून घेतली. मी धसकले. दाजीही बघत राहिले. तिनं चुलीसमोर एक पाट मांडला, त्याच्या शेजारी दुसरा, तिसरा, चौथा. चार ताटं घेतली.

"दाजी, मांडवात बसलासा, लय उपकार झालं," ती म्हणाली. "आता हितं बसा. तुमी बसल्याबिगर हिला बसाया येत न्हाई. बेचाळीसपास्नं पोरगी उभी हाय."

दाजी काही बोलणार होते. 'बसला की धरला' हे ओठांवर आलेलं मला दिसलं. मग त्यांनी ताईकडं पाहिलं. ताई चुलीशी उभी होती, हातात फडकं. ती उभी आहे हे मलाही इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं, मग त्यांना काय दिसणार?

त्यांनी बाहेरचा पाय आत घेतला. चप्पल काढून दाराबाहेर ठेवली, जरा लांबच ठेवली. आणि येऊन पाटावर बसले. ताईनं त्यांच्या शेजारच्या पाटावर बसताना पदर डोळ्यांना लावला. वैनीनं चारी ताटं वाढली आणि स्वतःही बसली. पुढच्या दाराला कुणीतरी "आमदारसाहेब" म्हणून हाका मारत होतं.

"येतो," दाजी बसूनच म्हणाले. "जेवतोय."